नव्वद टक्क्यांवर अडकलेला गेम आणि नोकरीचा राजीनामा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गेली तीन वर्षे नोकरी सांभाळून, रात्री आणि सुटीच्या दिवशी, तुम्ही एकट्याने कोड्यांचा एक गेम तयार करत आहात. गेल्या आठ महिन्यांपासून तो ‘नव्वद टक्के झाला’ आहे. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातल्या त्याच्या पानावर सुमारे अठराशे विशलिस्ट, म्हणजे ‘हा गेम पुढे घ्यायचा आहे’ अशा खेळाडूंच्या नोंदी, जमा झाल्या आहेत. आता नोकरी सोडून तीन-चार महिने पूर्ण वेळ द्यावा आणि तो एकदाचा प्रकाशित करावा का, असे तुम्ही विचारले आहे. शेवटी ओझरता एक उल्लेखही आहे की, मनात दुसऱ्या गेमची कल्पना घोळू लागली आहे आणि तिच्यामुळे या गेमवरचे लक्ष उडते आहे.

मी बारा वर्षांपासून हे काम करते आहे. या काळात पाच गेम प्रकाशित केले. त्यांपैकी दोन चालले, एकाचा खर्च जेमतेम निघाला आणि उरलेल्या दोघांविषयी न बोललेले बरे. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे की, राजीनामा आत्ता देऊ नका. मात्र हे उत्तर काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. तुमच्यावर कोण अवलंबून आहे, किती महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलेला आहे, तब्येत कशी आहे आणि ही नोकरी सोडल्यावर तशीच दुसरी सहज मिळेल का, हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. आणखी एक गोष्ट बरेच जण तपासतच नाहीत. नोकरीच्या करारात, कर्मचाऱ्याने फावल्या वेळेत तयार केलेल्या कामाची मालकी कोणाची, यासंबंधी एखादे कलम असू शकते. ते आजच वाचा आणि संदिग्ध वाटले तर प्रकाशनापूर्वी लेखी परवानगी घ्या, कारण गेम विकला जाऊ लागल्यानंतर हा वाद निघाला तर तो फार महाग पडतो.

आता मूळ अडचणीकडे येते. तुम्ही ती वेळेची अडचण म्हणून मांडली आहे, पण तुमच्याच पत्रात लिहिले आहे की, या आठ महिन्यांत तुम्ही मेनूची रचना तीनदा नव्याने लिहिलीत, प्रकाशयोजना बदललीत आणि खेळाडूंना स्वतःची कोडी रचता यावीत म्हणून गेममध्येच एक संपादक (एडिटर) ही सोयही जोडलीत. ही सगळी कामे चांगली आहेत, पण यांतल्या एकाही कामाने गेम संपण्याच्या जवळ गेला नाही. उलट, त्या संपादकामुळे तपासायच्या गोष्टींची संख्या वाढली. तेव्हा रोज दोन तासांऐवजी दहा तास मिळाले तर काय होईल? बहुधा मेनू चौथ्यांदा लिहिला जाईल. ‘नव्वद टक्के’ हा आकडा कशाच्या आधारावर काढला, असे मी समोर बसून विचारले असते तर तुम्हाला उत्तर देता आले नसते. हे टोचून बोलणे नाही. माझ्या पहिल्या गेमच्या वेळी मलाही ते देता आले नसते. त्या गेममधल्या तळ्याच्या पाण्यातले प्रतिबिंब नीट दिसावे म्हणून मी जवळपास सात महिने घालवले. प्रकाशनानंतर आलेल्या एकाही रिव्ह्यूत पाण्याचा उल्लेख नव्हता. अक्षरे फार बारीक आहेत आणि दूरच्या पडद्यावर वाचता येत नाहीत, ही तक्रार मात्र अनेकांनी केली. अक्षरांचा आकार बदलण्याची सोय करायला मला दीड दिवस लागला.

त्यानंतर मी एक पद्धत लावून घेतली. एक दिवस ठरवते आणि त्या दिवशी गेम विकण्याजोगा होण्यासाठी उरलेले प्रत्येक काम एका यादीत लिहिते. ‘मेनू सुधारणे’ असे मोघम वाक्य तिथे चालत नाही. ‘आवाज कमी-जास्त करण्याची सोय मेनूत आणणे’ असे लिहावे लागते, म्हणजे ते झाले की नाही हे कोणीही सांगू शकेल. त्या दिवसानंतर यादी फक्त लहान होऊ शकते. नवे काम घुसवायचेच असेल तर आधीची दोन कामे खोडावी लागतात. अपवाद दोनच आहेत : गेम बंद पाडणारा बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, आणि खेळाडूची प्रगती साठवणारी सेव्ह फाइल बिघडवणारा बग. या नियमाचा जाच होतो आणि तो व्हावा म्हणूनच तो केला आहे. तुमचा कोडी रचण्याचा संपादक या यादीत येईल तेव्हा त्याच्या बदल्यात कोणती दोन कामे खोडायची, या प्रश्नावरच कदाचित तुम्ही तो काढून टाकाल. प्रकाशनानंतर सहा महिन्यांनी तो मोफत भर म्हणून देता येतो आणि त्या निमित्ताने गेमकडे पुन्हा लक्ष वेधता येते.

उरलेल्या दहा टक्क्यांत नेमके काय असते हे थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण तिथेच नवख्यांचे अंदाज सर्वाधिक चुकतात. तुमचा गेम आजवर मुख्यतः एका संगणकावर चालला आहे, तुमच्या. माझ्या दुसऱ्या गेममध्येही कोडी होती आणि एका कोड्यातले दार ०.५ सेकंदात बंद होत असे. प्रकाशनानंतर दोन दिवसांनी एका खेळाडूने लिहिले की, गेम सुंदर आहे पण फारच सोपा आहे. मी ते मत म्हणून सोडून दिले. मग तसेच आणखी तिघांनी लिहिले आणि चौघेही जर्मन भाषेत संगणक वापरणारे निघाले. तिथे दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात आणि टिंबाने हजारांचे गट पाडतात. माझ्या प्रोग्रॅमने मजकुराच्या फाइलमधून ‘०.५’ वाचताना त्या संगणकाची पद्धत मान्य केली, टिंबाकडे दुर्लक्ष केले आणि दार बंद व्हायला ५ सेकंद दिले. चपळाईने सोडवायचे कोडे चालत चालत सुटत होते. दुरुस्ती एका ओळीची होती, पण त्या चार खेळाडूंनी लिहिले नसते तर मला ती चूक कधीच कळली नसती, कारण माझ्याकडे ते दार नेहमी अर्ध्या सेकंदातच बंद होत होते.

अशा जागा अनेक आहेत. वापरकर्त्याचे नाव रोमन लिपीत नसेल तर सेव्ह फाइलचा मार्ग सापडतो का? पडदा सेकंदाला ६० ऐवजी १४४ वेळा ताजा होत असेल तर पात्राची उडी तेवढीच उंच राहते का? गेम चालू असताना कंट्रोलरची वायर निघाली तर काय होते? खेळाडूने गेम सेव्ह होत असतानाच संगणक बंद केला तर? लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्याला तुमचे रंगांचे कोडे सुटेल का? हे शोधण्यासाठी मी पाच-सहा अनोळखी माणसांना गेम देते आणि शक्य असेल तेव्हा त्यांच्या मागे बसून पाहते. त्या वेळी तोंड बंद ठेवणे हे या सगळ्या व्यवसायातले माझ्या मते सर्वांत अवघड कौशल्य आहे, कारण खेळाडू चुकीच्या भिंतीला दहा मिनिटे धडका देत असतो आणि आपल्याला उत्तर माहीत असते. तुम्ही बोललात की ती बैठक वाया गेली.

इथपर्यंतचे थोडक्यात असे की, तुम्हाला आधी यादी हवी आहे, वेळ नंतर. आणि त्या यादीतला मोठा भाग गेम घडवण्याचा नसून तो परक्यांच्या संगणकांवर टिकवण्याचा आहे. यादी लिहिल्यावर दर आठवड्याला किती कामे खोडली जातात हे सहा आठवडे मोजा. मग प्रकाशनाचा अंदाज तुम्हाला इच्छेवरून नाही, तर गतीवरून काढता येईल.

तारखेविषयी. स्टीमवर प्रत्येक गेमसाठी १०० डॉलर भरावे लागतात आणि गेमची विक्री १,००० डॉलरपर्यंत पोहोचली की ते परत मिळतात. ही पद्धत जून २०१७ पासून आहे. पैसे भरल्यापासून ३० दिवस गेम प्रकाशित करता येत नाही, ‘लवकरच येत आहे’ असे पान किमान दोन आठवडे उघडे असावे लागते, आणि पान व गेम दोन्ही तपासणीतून जातात. पहिल्या दोन अटी तुम्ही पार केल्या आहेत. तपासणीसाठी मात्र मी तीन आठवडे हाताशी ठेवते, कारण काही परत आले तर घाईत केलेली दुरुस्ती नवे बग घेऊन येते. वर्षातून तीनदा स्टीम नेक्स्ट फेस्ट हा डेमोंचा, म्हणजे येऊ घातलेल्या गेमच्या मोफत नमुन्यांचा, उत्सव असतो आणि एका गेमला त्यात एकदाच भाग घेता येतो. ती एकच संधी अर्ध्या तयार डेमोवर खर्च करू नका. प्रकाशनापूर्वी येणारा शेवटचा उत्सव निवडा, आणि डेमो त्याच्या काही आठवडे आधी शांतपणे बाहेर काढा, म्हणजे ठळक चुका कमी लोकांसमोर उघड्या पडतील.

बाकी तारखेवर फार डोके शिणवू नये असे माझे मत आहे. मोठ्या हंगामी सवलतींचे दिवस आणि शुक्रवार टाळावेत. शुक्रवार अशासाठी की सुटीचे दोन दिवस तुम्ही दुरुस्त्या करत बसाल. त्यापलीकडचे आपल्या हातात नसते. २१ ऑगस्ट २०२५ रोजी टीम चेरी या स्टुडिओने ‘होलो नाइट : सिल्कसाँग’ हा बहुप्रतीक्षित गेम ४ सप्टेंबरला येणार असे जाहीर केले, आणि त्याच्यापुढे आपण झाकले जाऊ म्हणून दोनच आठवड्यांच्या सूचनेवर कित्येक लहान डेव्हलपरांनी आपल्या तारखा पुढे ढकलल्या. ज्यांनी त्या तारखेसाठी नोकरी सोडलेली नव्हती, त्यांना हे तुलनेने सहज करता आले असणार.

पैशांचा हिशेब इथूनच सुरू होतो. अठराशे विशलिस्ट म्हणजे अठराशे मागण्या नव्हेत. काही लोकांनी ते बटण दोन वर्षांपूर्वी दाबले आणि विसरले, काही सवलतीची वाट पाहतील, काही कधीच घेणार नाहीत. अमुक विशलिस्टमागे अमुक विक्री असे आकडे सर्वत्र फिरतात, पण गेमचा प्रकार, किंमत आणि ती यादी किती जुनी आहे यांनुसार ते इतके बदलतात की मी त्यांवर अंदाजपत्रक बांधत नाही. जी विक्री होईल तिच्यातून स्थानिक कर आणि परत केलेले पैसे वजा होतात, मग दुकानाचा ३० टक्के वाटा जातो, आणि अनेक देशांत किंमत मुळातच कमी ठेवलेली असते. माझ्या वह्यांनुसार छापील किमतीच्या जवळपास निम्मी रक्कम माझ्यापर्यंत पोहोचते आणि त्यावर माझा प्राप्तिकर वेगळा. शिवाय एका महिन्याच्या विक्रीचे पैसे पुढच्या महिन्याच्या अखेरीस येतात, म्हणजे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गेम आला तर पहिली रक्कम हातात पडायला जवळपास दोन महिने लागतात. तुमच्या ‘तीन-चार महिन्यां’त हे दोन महिने धरलेले दिसत नाहीत.

पैसे परत करण्याच्या नियमाची भीती मात्र बाळगू नका. खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर खेळाडू गेम परत करू शकतो. तुमचा गेम चार तासांचा आहे, तेव्हा हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. पण तो दोन तासांचा असता तरी नियमाला घाबरून त्यात पाणी घालू नका, असेच मी म्हटले असते.

एकट्याने गेम करून यशस्वी झालेल्यांच्या कथा आपण सगळेच वाचतो. ‘स्टारड्यू व्हॅली’ एरिक बरोन याने सुमारे साडेचार वर्षे एकट्याने घडवला आणि तो फेब्रुवारी २०१६ मध्ये आला, एवढे सर्वांना माहीत असते. त्या काळात तो एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे अर्धवेळ काम करत होता आणि घर चालवण्यात जोडीदाराच्या कमाईचा आधार होता, ही बाजू मात्र सांगताना गळते. मला ती बाजू गेमइतकीच बोधक वाटते, कारण साडेचार वर्षे टिकण्याची तजवीज तिथे होती. मी स्वतः पहिले तीन गेम नोकरी करतच प्रकाशित केले. मागच्या बारा महिन्यांत जुन्या गेममधून आलेली रक्कम वर्षाच्या घरखर्चाच्या दोन-तृतीयांश होईल तेव्हाच नोकरी सोडायची, अशी मर्यादा मी आखली होती आणि ती गाठायला सात वर्षे लागली. तुमची मर्यादा वेगळी असेल, पण ती अपेक्षित कमाईवर नसावी, झालेल्या कमाईवर असावी.

राजीनाम्याऐवजी मी तुम्हाला सुटी साठवायला सांगेन. प्रकाशनाच्या आधीचे तीन दिवस आणि नंतरचे दहा दिवस सलग रजा घ्या. जमल्यास त्याआधीचे दोन महिने आठवड्यातला एक दिवस बिनपगारी मागा. लोक सगळी रजा प्रकाशनापूर्वी संपवतात आणि गेम आल्यावर दुसऱ्या दिवशी कार्यालयात बसून चोरून तक्रारी वाचतात. ते उलटे असायला हवे.

त्या दहा दिवसांविषयी एक प्रसंग सांगते, त्याची अजून लाज वाटते. तिसऱ्या गेमच्या प्रकाशनानंतर पहिल्याच रात्री एका बगच्या दहा-बारा तक्रारी आल्या. मी पहाटे तीन वाजता दुरुस्ती केली, एकदा चालवून पाहिली आणि पॅच, म्हणजे दुरुस्तीची नवी आवृत्ती, सोडून झोपले. सकाळी उठले तेव्हा नव्या पॅचने सेव्ह फाइलची रचना बदललेली होती आणि अर्ध्या खेळाडूंची प्रगती पुसली गेली होती. स्टीमवर आधीची आवृत्ती पुन्हा चालू करता येते आणि मी ती केली. पण जुनी आवृत्ती नव्या रचनेची फाइल वाचू शकत नव्हती, आणि बिघडलेली फाइल क्लाउडवरही जाऊन बसली होती. म्हणजे मागे फिरण्याचा रस्ता होता, पण खेळाडूंच्या फाइली त्या रस्त्याने मागे येत नव्हत्या. तेव्हापासून माझ्या प्रत्येक सेव्ह फाइलमध्ये आवृत्तीचा क्रमांक असतो, नवी फाइल लिहिण्यापूर्वी जुनीची प्रत ठेवली जाते, आणि रात्री दहानंतर कोणताही पॅच बाहेर जात नाही. दुरुस्ती आधी एका वेगळ्या चाचणी शाखेवर, म्हणजे फक्त काही जणांना मिळणाऱ्या आवृत्तीत, जाते, तक्रार करणाऱ्यांपैकी दोघे ती तपासतात आणि मग ती सर्वांना मिळते. खेळाडू बारा तास वाट पाहतात. ‘बग सापडला आहे, उद्या दुपारपर्यंत दुरुस्ती येईल’ एवढे वाक्य लिहिले तरी बहुतेकांचा राग उतरतो.

राहता राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न, म्हणजे त्या दिवसांत तुमचे काय होईल. दहा रिव्ह्यू होईपर्यंत पानावर एकत्रित मत दिसत नाही, त्यामुळे पहिल्या दहांपैकी प्रत्येक ओळ तुम्ही पाठ कराल. वाचा, पण उत्तर देऊ नका. बग कळवला असेल तेवढेच उत्तर द्या. विक्रीचा आलेख पहिल्या दिवसांत चढतो आणि मग घसरतो. चांगल्या चाललेल्या गेमचाही घसरतो. मला पहिल्या खेपेला हे कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे चौथ्या दिवशी मी सगळे संपले असे समजून बसले होते. आता मी आकडे दिवसातून एकदा, संध्याकाळी पाहते. घरच्यांना आधीच सांगून ठेवते की, हे दहा दिवस मी अर्धवट ऐकेन आणि अकराव्या दिवसापासून भरपाई करेन. आणि अकरावा दिवस खरोखर पाळते, कारण तो न पाळल्याची किंमत मी दुसऱ्या गेमच्या वेळी मोजली आहे. फार यश मिळाले तर काय, याची चिंता सहसा कोणी करत नाही. पण ‘फ्लॅपी बर्ड’चा कर्ता डाँग न्गुयेन याने तुफान चालणारा तो गेम फेब्रुवारी २०१४ मध्ये स्वतःहून काढून घेतला होता, आपले साधे आयुष्य त्यामुळे बिघडले असे सांगून. तुमच्या-माझ्या वाट्याला बहुधा याच्या उलट येते : थोडे लोक, थोडे रिव्ह्यू आणि बरीच शांतता. त्या शांततेवरून गेमची किंवा स्वतःची पारख पहिल्या महिन्यात करू नका, तेवढी माहिती तेव्हा हातात नसते.

दुसऱ्या गेमच्या कल्पनेबद्दल तुम्ही अपराधी वाटल्यासारखे लिहिले आहे. तसे वाटण्याचे कारण नाही. हातातले काम कंटाळवाण्या टप्प्यावर आले की नवी कल्पना सुंदर दिसू लागते. मी ती दाबत नाही आणि तिच्यावर एक ओळ कोडही लिहीत नाही. सुचेल ते वहीत टिपते आणि प्रकाशनानंतर तिसऱ्या आठवड्यात, तक्रारींचा जोर ओसरल्यावर, ती वही उघडते. तोवर टिकलेली कल्पना बहुधा करण्याजोगी असते. माझ्या चौथ्या गेमची पहिली टिपणे तिसऱ्या गेमच्या उरलेल्या कामांच्या यादीमागे, कोऱ्या बाजूवर आहेत, आणि तो गेम चाललेल्या दोघांपैकी एक आहे.